ॲबिगेलची दोन पानं

स्टारड्यू व्हॅली या संगणकीय खेळाचा एक मराठी विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा माहितीकोश, आम्ही काही जण चालवतो. त्या विकीवर ॲबिगेल या खेळातल्या पात्राची दोन पानं होती, आणि तीन आठवडे कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. एका पानावर तिचा वाढदिवस होता, शरद १३, म्हणजे खेळातल्या शरद ऋतूची १३ तारीख. दुसऱ्यावर तिला आवडणाऱ्या भेटी: ॲमेथिस्ट, भोपळा, चॉकलेट केक, पफरफिश. पहिलं पान साखळीचा मित्र फोनवरून लिहीत होता, दुसरं पेडण्याची मैत्रीण लॅपटॉपवरून. दोघंही मन लावून लिहीत होती आणि समोरच्यानं आपलं लिखाण पुसलं असं दोघांनाही वाटत होतं. खरं म्हणजे कुणी काहीच पुसलं नव्हतं. फोनच्या कळफलकावर 'ॲ' हे एकच अक्षर उमटतं. लॅपटॉपवर आधी 'अ' आणि मग त्यावर चंद्र असं टंकलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला मात्र ती वेगळी अक्षरं. 'ॲ' हे सुटं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रांसाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय असलेले कळफलक अजून वापरात आहेत. शोधपेटीत नाव टाकलं की कुणाला एक पान मिळायचं, कुणाला दुसरं.

मग आम्ही शोधत गेलो. ॲलेक्सची दोन पानं निघाली, ॲपलची दोन, ॲमरँथची दोन. 'ऱ्य'चाही तोच प्रकार. काही जण नुक्ता असलेला 'ऱ' घेतात, काही जण 'र'ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. त्या रविवारी रात्री फोंड्याला माझ्या घरी बसून मी सोळा पानं एकत्र केली आणि जुन्या नावांवरून नव्या नावांकडे पुनर्निर्देशनं लावली. आम्हाला स्वतःचे लेखनसंकेत हवेत, आणि ते आमच्या भाषेतूनच यायला हवेत, हे मला त्या रात्री पक्कं कळलं. तोवर आमच्याकडे नियम नव्हते असं नाही. पण ते दुसऱ्याचे होते.

थोडं मागून सांगते. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ २६ फेब्रुवारी २०१६ रोजी आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून तो केला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्याचंच. आजोबांचं पडीक शेत नातवाच्या किंवा नातीच्या हाती येतं आणि तिथून खेळ सुरू होतो. नांगरा, पेरा, पाणी घाला, मासे धरा, खाणीत उतरा, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवा. बारा भाषांत तो खेळता येतो. मराठी त्यांत नाही. आम्ही पाच जण (फोंडा, साखळी, पेडणे, म्हापसा आणि डिचोली) तो खेळत होतो आणि एकमेकांना मराठीतूनच सांगत होतो की कुठलं बी कधी टाकायचं. मार्च २०२४ मध्ये १.६ ही आवृत्ती आली. खेळात इतकं काही नवं आलं की डिचोलीची मैत्रीण म्हणाली, "हे सगळं आता कुठेतरी मराठीत लिहून ठेवूया. माझ्या वर्गातली पोरं विचारतात." ती शाळेत शिकवते. तिथून विकी सुरू झाला.

पहिले नियम मी लिहिले. इंग्रजीतल्या खेळांच्या दोन-तीन विकींचे लेखनसंकेत वाचले आणि त्यांचा सरळ अनुवाद केला. अडतीस नियम झाले. मथळ्यात पहिलं अक्षर मोठं ठेवा, हा नियमही मी भाषांतरित करून बसले होते. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसतातच. तिरप्या अक्षरांचा नियम होता, पण फोनवर देवनागरी तिरपी केली की मात्रा पुढच्या अक्षरावर पडतात. आणि ज्या गोष्टींवर आम्ही रोज अडत होतो, त्यांच्याबद्दल त्या अडतीस नियमांत एक ओळही नव्हती.

सर्वांत आधी अडलो ते खेळाडूच्या लिंगावर. इंग्रजी विकींचा नियम सोपा असतो: वाचकाला 'तू' म्हणू नका, 'खेळाडू' म्हणा. तो नियम मी तसाच आणला. साखळीच्या मित्रानं लिहिलं, "खेळाडू सकाळी सहाला उठतो, विहिरीवरून पाणी आणतो." पेडण्याच्या मैत्रिणीनं चर्चा पानावर लिहिलं, "माझी शेतकरीण आहे. ती उठते." तिचं म्हणणं बरोबर होतं. खेळ सुरू करताना स्त्री की पुरुष हे आपण निवडतो. मराठीत क्रियापदच लिंग सांगतं, त्यामुळे 'खेळाडू' हा शब्द निवडून काहीच सुटत नव्हतं. 'उठतो/उठते' असं तिरप्या रेघेनं लिहून पाहिलं. तीन वाक्यांनंतर ते वाचवेना. 'खेळाडू उठतात' असं आदरार्थी करून पाहिलं, तर एकट्यानंही खेळता येणारा खेळ दहा जणांचा वाटू लागला.

वाट सापडली ती आपल्या रोजच्या बोलण्यातच. 'मला भूक लागली', 'तिला बस मिळाली', 'त्याला पोहता येतं.' मराठीत करणाऱ्याला '-ला' लावला की क्रियापद त्याच्याकडे पाहतच नाही. "खेळाडूला सहा वाजता जाग येते." "खेळाडूला विहिरीवरून पाणी आणता येते." "रात्री दोनपर्यंत झोपले नाही तर खेळाडूला भोवळ येते." लिंगाचा प्रश्नच उरत नाही, आणि वाक्य ओढूनताणून केल्यासारखंही वाटत नाही. कृती सांगायच्या पानांवर 'तुम्ही' चालतं हेही लक्षात आलं, कारण 'तुम्ही पेरता', 'तुम्ही पेराल', 'तुम्ही पेरले' या तिन्हींत लिंग दिसत नाही. म्हणून वर्णनाच्या पानांवर 'खेळाडूला' आणि मार्गदर्शनाच्या पानांवर 'तुम्ही' असं ठरलं. एका पानात दोन्ही नकोत. हा आमचा पहिला स्वतःचा नियम. तो लिहिताना मला जो आनंद झाला तो त्या अडतीस नियमांपैकी एकाही नियमानं दिला नव्हता.

दुसरा गुंता गावकऱ्यांचा. खेळातल्या पेलिकन टाउन या गावचा मेयर लुईस वयानं मोठा. एव्हलिन ही आजीच, ती स्वतःला ग्रॅनी म्हणवून घेते. तिचा नवरा जॉर्ज चाकाच्या खुर्चीत असतो. तर 'लुईस राहतो' की 'लुईस राहतात'? इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही. आम्ही घरात वडीलधाऱ्यांना अहोजाहो करणारी माणसं, त्यामुळे 'जॉर्ज चिडतो' लिहिताना हात अडखळायचा. पण सगळ्यांना आदरार्थी केलं तर ॲबिगेल आणि सॅम या तरुण पोरांनाही 'राहतात' म्हणावं लागणार. वयाची रेघ ओढावी, तर कुठे? क्लिंट लोहाराचं वय किती, हे खेळात कुठे लिहिलंय?

आमच्या शेजारी एक काका राहतात. तीस वर्षं एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होते. संध्याकाळी माझे अडतीस नियम छापून त्यांच्याकडे घेऊन गेले. चष्मा लावून त्यांनी पहिली दोन पानं वाचली, लाल पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"बाय, हे कुणासाठी?"

"लिहिणाऱ्यांसाठी, काका. नवीन लोक येतात ना, त्यांना कळावं म्हणून."

"मग पहिल्या पानावर त्यांना नेमकं काय अडतं ते घाल. आम्हाला पेपरात नवीन पोर आलं की एक कागद द्यायचे. एकच. बाकी सगळं प्रुफं वाचता वाचता शिकायचं."

लुईसचं काय करायचं, विचारलं. काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "मंत्र्यांनी भाषण केलं, ते म्हणाले. फलंदाजानं शतक केलं, तो म्हणाला. पेपरात खेळाडू एकेरी, नट एकेरी, कथेतलं पात्र एकेरी. त्यात अपमान नाही, ती पद्धत आहे. तुझा लुईस पात्र आहे की नाही?"

लुईस पात्र आहे. म्हणून निवेदनात सगळे एकेरी: लुईस राहतो, एव्हलिन फुलं लावते, जॉर्ज चिडतो. संवादाचा अनुवाद करताना मात्र नातं पाहायचं. दुकानदार पिएर नव्या शेतकऱ्याला 'तुम्ही' म्हणेल, लहानगा विन्सेंट 'तू'. काकांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक नियमापुढे कारण लिही, कारण नसलेला नियम लोक पाळतात पण लावू शकत नाहीत, नवं उदाहरण आलं की अडतात. आमच्या संकेतांत आता प्रत्येक नियमाखाली एक ओळ 'का?' अशी असते.

शुद्धलेखनाच्या बाबतीत वाद घालायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम आहेत, तेच आमचे. प्रश्न फक्त 'केले' की 'केलं' एवढाच होता. विकीवर 'केले', संवादांत 'केलं'. मी इथे लिहितेय तसं तिथे लिहीत नाही.

परकी नावं मराठीत कशी लिहायची यावर मात्र बराच वेळ गेला. खेळात कुणाचाही आवाज नाही. पात्रं बोलतात ती अक्षरांत, चौकटीत. त्यामुळे उच्चार ऐकून लिहायची सोय नाही. दुकानदाराचं नाव कुणी 'पिएर' लिहिलं, कुणी 'पियर', आणि म्हापशाच्या कॉलेजातल्या पोरानं अक्षरामागून अक्षर लावत 'पिएरे'. तो चुकला असं मी म्हणणार नाही, पडद्यावर जे दिसतं तेच त्यानं वाचलं. आमचा वाचक रोमन लिपीतला खेळ समोर ठेवून देवनागरीत शोधतो, ही गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही. म्हणून एक लेखन मुख्य ठेवायचं, संभवणारी बाकीची सगळी पुनर्निर्देशनात टाकायची आणि पडद्यावरचं मूळ रूप माहितीचौकटीत पहिल्या ओळीला द्यायचं. 'पिएरे' टंकणारा माणूसही बरोबर ठिकाणी पोचायला हवा.

यंत्रानं केलेल्या भाषांतराबद्दल थोडक्यात. पहिल्या महिन्यात बाहेरच्या कुणीतरी उत्साहानं तीसेक पानं यंत्रातून काढून टाकली. त्यांत खाणीच्या पानाचं नाव 'माझे' होतं, कारण इंग्रजीत खाण आणि माझे यांना एकच शब्द आहे. शरद ऋतूच्या जागी 'पडणे' होतं, "हे पीक पडण्यामध्ये वाढते." वसंताच्या जागी 'झरा'. आणि प्रत्येक वाक्य 'केले जाऊ शकते'वर संपणारं. मदत करायच्या इच्छेनं आलेल्या माणसाचं काम पुसणं मला जड गेलं. त्याला सविस्तर निरोप लिहिला, कुठली पाच पानं हातानं नीट करता येतील ते सांगितलं. त्यानं दोन केली, आणि ती चांगली आहेत. पण 'केले जाऊ शकते' हा प्रयोग आमच्याकडे तेव्हापासून बाद आहे. 'करता येते' असताना त्याची गरज काय?

आता शब्दांकडे येते. इथे आम्ही सगळ्यात जास्त रमलो, भांडलोही.

खेळातल्या गावात एक जागा आहे, गस ती चालवतो, दुपारी बारा ते रात्री बारा उघडी असते. तिथे लोक जेवतात, पितात, गप्पा मारतात. तिचं नाव देवनागरीत सरळ लिहिलं तर 'स्टारड्रॉप सलून'. मराठी वाचकाला सलून म्हणजे केस कापायचं दुकान. म्हापशाच्या पोरानं सुचवलं, 'ताव्हेर्न' लिहूया, गोव्यात सगळ्यांना कळेल. पण सोलापूरच्या वाचकाला कळेल का? शेवटी मथळा पडद्यावरचाच ठेवला आणि पहिल्याच वाक्यात लिहिलं: गसची ही खानावळ आणि बार आहे. मेयरचंही तसंच झालं. यंत्राला तो 'महापौर' वाटला. पण आमच्याकडे महापौर पणजीला, नगराध्यक्ष फोंड्याला आणि गावात सरपंच. पेलिकन टाउन एवढंसं गाव, म्हणजे लुईस सरपंचच व्हायचा! पंचायत नाही, निवडणूक नाही, मग सरपंच तरी कसा म्हणणार? मेयरच ठेवला.

भट्टीत खनिज वितळवून जे मिळतं त्याला इंग्रजीत 'बार' म्हणतात. साखळीचा मित्र खाणपट्ट्यातला, त्याच्या घरासमोरून वर्षानुवर्षं खनिजाचे ट्रक गेलेत. तो म्हणाला, 'लगड' हा शब्द आहे की आपल्याकडे! पाच तांब्याची खनिजं आणि एक कोळसा, खेळातला अर्धा तास, एक लगड. शब्द इतका चपखल बसला की त्या दिवशी पुढचा वाद झालाच नाही. पैशाला खेळात इंग्रजी 'जी' हे अक्षर लावतात, ते पाहून कुणीतरी पार्सनिपच्या बियांची किंमत '२० ग्रॅम' लिहून ठेवली होती. सोन्याची लगडही खेळात आहे, म्हणून 'सोने' हा शब्दही चालत नव्हता. आम्ही 'नाणी' केलं. पार्सनिपचं बी २० नाण्यांना, चार दिवसांत पीक, विक्री ३५ नाण्यांना. आणि पार्सनिपला मराठीत काय म्हणायचं? काहीच नाही. तो आपल्याकडे होत नाही, 'पांढरे गाजर' म्हटलं तर खोटं होईल. तो पार्सनिपच.

गावकऱ्यांना दिलेल्या भेटी त्यांना किती आवडतात याच्या पाच पायऱ्या आहेत. इंग्रजीत त्या प्रेमापासून द्वेषापर्यंत जातात. सगळ्यात आवडत्या भेटीला मैत्रीचे ८० गुण, त्याखालच्या पायरीला ४५, मधल्या पायरीला २०, मग उणे २० आणि उणे ४०. वाढदिवसाला हेच आठपट. मधल्या पायरीला आधी 'तटस्थ' लिहिलं होतं. फुलं मिळाल्यावर माणूस तटस्थ कसा असेल? डिचोलीची मैत्रीण म्हणाली, "पोरांना डब्यातलं विचारलं की काय सांगतात? खूप आवडतं, आवडतं, चालतं, आवडत नाही, नको." तेच घेतलं. 'चालते' या शब्दानं जे सांगितलं ते 'तटस्थ'नं कधीच सांगितलं नसतं.

पण खरी कसोटी माशांची. मासा म्हटला की गोंयकाराचा जीव त्यात गुंतलेला. आम्ही दोन रविवार पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात भेटलो होतो, कोश चाळायला. बाहेर पायऱ्यांवर येऊन आम्ही फक्त माशांवर बोललो. खेळात सार्डिन आहे: आम्ही तारले म्हणतो, रत्नागिरीकडे तारली, मालवणात पेडवेही. स्क्विड म्हणजे आमची माणकी, मुंबईकराचं माकूल. समुद्रात सापळा टाकून मिळणारा क्रॅब आमची कुर्ली, पुण्याचा खेकडा, मुंबईच्या कोळ्यांची चिंबोरी. श्रिंप म्हणजे सुंगटं की कोळंबी? साखळीचा मित्र हट्टाला पेटला की विकी गोव्यात सुरू झाला तर नावं गोव्याचीच हवीत. मला ते मनातून पटत होतं. पण आमच्याकडे लिहिणारी एक मुलगी बेळगावची आहे, वाचणारे विदर्भातलेही आहेत. शिवाय 'सुंगटं' मराठी की कोंकणी, हा वाद गोव्यात सुरू केला की तो कुठे जाईल हे आम्हाला ठाऊक होतं. १९८७च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली. आमच्या घराघरांत दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या आहेत. कुठला घास कुठल्या भाषेचा हे ठरवत बसायची आमची इच्छा नव्हती.

दुसरी अडचण तथ्याची होती. खेळातला रेड स्नॅपर पावसाच्या दिवशी, सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात समुद्रात मिळतो. पेडण्याच्या मैत्रिणीनं पानाला सरळ 'तामसो' नाव दिलं होतं. पण अमेरिकेत रेड स्नॅपर म्हणतात तो मासा आणि आमचा तामसो एका कुळातले असले तरी एकच नव्हेत. मथळ्यात 'तामसो' लिहिणं म्हणजे खेळात नसलेली गोष्ट आहे असं सांगणं. दुसरीकडे, नुसतं 'रेड स्नॅपर' लिहून सोडलं तर वाचणाऱ्याला तो मासा डोळ्यांसमोर दिसत नाही. मग माहितीचौकटीत एक ओळ वाढवली: 'आपल्याकडचा जवळचा मासा'. तिथे तामसो, तांबोशी, तांब असं सगळं, कुठे काय म्हणतात त्यासकट. ही ओळ कुठल्याही दुसऱ्या विकीवर मी पाहिलेली नाही. तिच्यामुळे आमच्याकडे असे लोक लिहायला आले ज्यांनी खेळ कधी पाहिलाही नव्हता. एका मत्स्यप्रेमी गृहस्थांनी शेवंड, खुबे, तिसऱ्या यांची नावं पाठवली. आणि मासे पकडण्याला 'मासेमारी' न म्हणता 'गरवणे' म्हणायचं हेही तिथेच ठरलं. गळ टाकून एकेक मासा धरायचा, त्याला कोकणात आणि गोव्यात गरवणंच म्हणतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हाही गरी घेऊन नदीकाठी बसलेली माणसं दिसतात. खेळात होडी आहे ती प्रवासाला, मासे गळानंच धरायचे. शब्द नेमका आहे.

करंबळाची गोष्ट मात्र उलट झाली. खेळातलं स्टारफ्रूट म्हणजे वाळवंटातल्या दुकानात ४०० नाण्यांना मिळणारं बी, तेरा दिवसांत पीक. माझ्या माहेरच्या परसात करंबळाचं झाड आहे, कापलं की चांदणीसारखी फोड पडते. पोर्तुगिजांनी हेच नाव उचलून 'कारांबोला' केलं आणि ते युरोपभर गेलं, असं कोश सांगतात. इथे फळ तेच आहे. म्हणून पहिल्या ओळीत मी करंबळ लिहिलं, ठळक अक्षरांत. ॲमरँथला मात्र 'तांबडी भाजी' लिहायचा मोह आवरावा लागला. खेळ स्वतः त्याला जांभळं धान्य म्हणतो, म्हणजे तो राजगिरा.

ऋतूंचं लवकर उरकलं. प्रत्येकी २८ दिवसांचे चार ऋतू, वर्ष ११२ दिवसांचं. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. पावसाळा नाही, आणि उन्हाळ्याच्या १३ आणि २६ तारखेला हमखास वादळ होतं. हे वाचून पहिल्या आठवड्यात दोघांनी चूक समजून दुरुस्ती केली होती, म्हणून ऋतूच्या पानावर वरच टीप घातली. सणांच्या बाबतीत नियम कडक केला. हिवाळ्याच्या २५ तारखेला गावात 'विंटर स्टार'ची मेजवानी असते, प्रत्येकानं नेमून दिलेल्या एका माणसाला गुपचूप भेट आणायची. आमच्यातल्या एकीनं सहज 'नाताळ' लिहिलं होतं. तारीख पाहता गोव्यात कुणीही तेच लिहील. पण खेळात येशूचं नाव कुठेही नाही. पडद्यावर जे आहे तेच आपल्या वाक्यात असायला हवं, ओळखीचं वाटतं म्हणून जास्तीचं काही घालायचं नाही. माहितीला आधार खेळाचा, शब्दाला आधार बोलणाऱ्या माणसांचा, असं त्या नियमाखालच्या 'का?'मध्ये लिहिलंय.

'आता', 'सध्या', 'नवीन', 'नुकतेच' हे शब्दही काढले. १.६ आली तेव्हा 'नुकतेच' लिहिलेलं वाक्य वर्षभरानं खोटं होतं. '१.६पासून' लिहिलं की कायमचं खरं राहतं. काळ नेहमी वर्तमान, कारण खेळात एव्हलिन फुलांची निगा राखतच असते. कथेतली गुपितं पानाच्या शेवटी, मथळा देऊन. इंग्रजी विकीवरचे तक्ते उचलायचे नाहीत, आकडा स्वतः खेळून पाहायचा, दुसऱ्याचं घेतलं तर श्रेय द्यायचं. इतकं सगळं बारा नियमांत बसलं. छापलं तर कागदाच्या दोन बाजू भरतात. काका म्हणतात अजून अर्धी बाजू जास्त आहे.

ते लागू पडतात का, हे पाहायला माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला कागद दिला. म्हटलं, एक पान लिही, मला काही विचारू नकोस. त्यानं भाताचं पान निवडलं. खेळात वसंतात भाताचं रोप मिळतं, ४० नाण्यांना. आठ दिवसांत तयार होतं, पण पाण्यापासून तीन चौकोनांच्या आत लावलं तर सहा दिवसांत, आणि वरून पाणी घालावं लागत नाही. विळ्यानं कापायचं. मग गिरणीत टाकलं की तांदूळ. त्यानं 'खेळाडूला लावता येते' लिहिलं, 'नाणी' लिहिलं, 'चौकोन' लिहिलं. मी पाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं. मग तो अडला. "मावशी, शेतातला भात, गिरणीत जातो तो भात आणि ताटात येतो तोही भात. वाचणाऱ्याला कळणार कसं?" बारा नियमांत याचं उत्तर नव्हतं.

त्याची आजी, माझी आई, शेजारी नारळ खवत होती. तिचं लहानपण मांडवीकाठच्या खाजनात गेलं. खारं पाणी बांधानं अडवलेली शेतं, पाणी आत-बाहेर सोडणारी मानशीची दारं आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट हे भाताचं वाण. तिनं मान वर न करता सांगितलं, "लावतात तो तरवा. उभं असतं ते भात. कांडलं की तांदूळ. शिजवलं तर शिजवलेला भात म्हण." भाच्यानं चारही ओळी जशाच्या तशा माहितीचौकटीत घातल्या आणि रोपाच्या पानाचं नाव बदलून 'तरवा' केलं. बदलाचा सारांश लिहायच्या जागी लिहिलं, 'आजीने सांगितले'. मी तो तसाच राहू दिला. त्याच रात्री बेळगावच्या मुलीनं चर्चा पानावर लिहिलं की त्यांच्याकडेही तरवाच म्हणतात.

तेरावा नियम अजून लिहिला नाही. आधी टॅरोचं मिटायला हवं. जिंजर आयलंड या खेळातल्या बेटावर मिळणारं ते कंद तरव्यासारखंच पाण्याजवळ लवकर वाढतं. दहा दिवसांऐवजी सात. साखळीचा मित्र म्हणतो माडी, बेळगावहून आलं अळकुडी, नागपूरच्या एका वाचकानं अरवी लिहिलंय. चर्चा पानावर नऊ निरोप झालेत. येत्या रविवारी आईला विचारणार आहे.